डान्स रंगात आला की मागचा फ्लॅश दगा का देतो?

रिसेप्शनचा पहिला दीड तास सगळं शहाण्यासारखं चालतं. स्टेजवरचे ग्रुप, आहेर, आजोबांना खुर्चीवर बसवून काढलेला फोटो. दोन्ही स्टँडवरचे फ्लॅश प्रत्येक क्लिकला हजर. मग डीजे आवाज वाढवतो, मित्रमंडळी नवरदेवाला खांद्यावर उचलतात, नवरीची आत्या पदर खोचून मैदानात उतरते आणि नेमका त्याच वेळी मागचा फ्लॅश रुसतो. घरी येऊन लॅपटॉपवर बघावं तर एक फ्रेम झकास, पुढची काळी, तिसरी फिकी, चौथी पुन्हा झकास.

हे रडगाणं मी स्वतः दोन सीझन गायलो. सेल बदलले, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून रेडिओने फ्लॅशला निरोप देणारी डबी) बदलला, एक चांगला फ्लॅश उगाच निम्म्या किमतीत विकून टाकला. ‘फ्लॅश चालत नाही’ या एका तक्रारीत तीन-चार वेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

आम्हा इंदूरवाल्यांना हे जास्त बोचतं. तुळशीचं लग्न लागलं की इथली बरीचशी रिसेप्शनं बायपासवरच्या मॅरेज गार्डनमध्ये, म्हणजे उघड्या लॉनवर होतात. हॉल असता तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छताकडे वळवून निभावलं असतं. इथे वर डिसेंबरचं काळं आकाश, तिकडे फेकलेला उजेड परत येत नाही. सरळ समोरून मारावा तर माणसं आधार कार्डावरच्यासारखी दिसतात आणि मागे मिट्ट अंधार. म्हणून नाचणाऱ्यांच्या मागे, स्टँडवर फ्लॅश ठेवायचा. केसांना, खांद्यांना, उडालेल्या ओढणीला उजेडाची कड मिळते, धूर पेटल्यासारखा दिसतो. ती कड गेली तर त्या फोटोत बघण्यासारखं काही राहत नाही. वर वेळेची मारामारी आहेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर डीजे बंद, आणि आपलं वऱ्हाड जेवणाच्या पंक्ती उरकून नाचायला येतं तेव्हा हातात जेमतेम पाऊण तास उरलेला असतो.

तेव्हा सामान बदलण्याआधी बिघडलेली फ्रेम मोठी करून बघा. मागची कड फिकी आहे का? म्हणजे फ्लॅश पेटला, पण पोट भरलेलं नव्हतं. कड अजिबात नाही? मग त्याला निरोपच पोचला नाही, किंवा तो झोपला होता. फ्रेमचा एक भाग काळा, बाकी ठीक? ते शटरचं काम. सगळं उजळलंय पण एका माणसाचे दोन चेहरे दिसतायत? तेही शटरचं, पण उलट बाजूने. आम्ही यांना अनुक्रमे मंद, मुका, पट्टी आणि भूत म्हणतो. माझा असिस्टंट आता मागून ओरडतो, “दादा, मंद!” तेवढ्यावर मला कळतं बोट कुठे ठेवायचं ते.

मंद

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो हाच. फ्लॅशच्या आत एक कपॅसिटर असतो. सेल त्याला भरतात आणि क्लिक झाली की तो रिकामा होतो. बऱ्याच फ्लॅशमध्ये तो पूर्ण भरण्याआधीच तयार असल्याचा दिवा लागतो, आणि त्या क्षणी क्लिक केलं की जेवढं भरलं तेवढंच बाहेर पडतं. स्टेजवर तुम्ही पाच-सहा सेकंदांनी एक फोटो काढत होता, म्हणून काही जाणवलं नाही. डान्समध्ये सेकंदाला दोन काढता.

माझी चूक अशी की आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा, वाढवायला मी घाबरायचो, फोटोत दाणा दिसेल म्हणून. आयएसओ ४००, मागचा फ्लॅश १/२ पॉवरवर. साधा हिशोब आहे: आयएसओ ४०० वर १/२ लागत असेल तिथे आयएसओ १६०० वर १/८ पुरते. खर्च चौथाई, परत भरायला लागणारा वेळही साधारण चौथाई. आजच्या कोणत्याही बऱ्या कॅमेऱ्यात आयएसओ १६०० चा दाणा अल्बमच्या छपाईत कोणाला दिसत नाही. दिसलाच तर फोटोग्राफरला दिसतो, आणि अल्बमचे पैसे तो देत नाही. आता डान्ससाठी माझी सुरुवात ठरलेली: आयएसओ १६००, लेन्सचं तोंड एफ ४ वर, मागचा फ्लॅश १/१६, लागलंच तर १/८. त्यावर जावं लागत असेल तर स्टँड चुकीच्या जागी आहे असं समजतो.

स्टँडच्या जागेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). स्टँड डान्स फ्लोअरच्या अगदी कडेला लावला तर दोन मीटरवर नाचणारा मामा पांढराफटक आणि चार मीटरवरची नवरी त्याच्यापेक्षा दोन स्टॉप काळी. तोच स्टँड मागे नेला की सहा आणि आठ मीटरमधला फरक एका स्टॉपच्याही आत येतो, सगळा फ्लोअर सारखा दिसतो. पण मागे नेलं की पॉवर वाढवावी लागते, म्हणजे पुन्हा मंदचं दुखणं. यातून मी काढलेली वाट अशी: स्टँड पाच-सहा मीटरवर, नऊ फूट उंच, उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स काढून ठेवलेला आणि फ्लॅशचं डोकं ८० ते १०५ मिलिमीटरवर झूम केलेलं. उजेड इकडेतिकडे सांडत नाही, पॉवर न वाढवता पोचतो. मागून येणाऱ्या कडेला मऊपणा लागतच नाही, ती जितकी धारदार तितकी चांगली. शिवाय उघड्या लॉनवर रात्री वारा सुटला की छत्री लावलेला स्टँड शिडाच्या होडीसारखा चालायला लागतो. स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी हवीच. आमची पिशवी एकदा घरी राहिली तेव्हा केटररकडून पाण्याचे दोन जार मागून बांधले होते.

आता सेल. साधे अल्कलाइन सेल डान्ससाठी आणूच नका. त्यांच्यावर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं, चार्जिंगच्या निकेल मेटल हायड्राइड सेलवर १.२, म्हणून नवीन पोरांना वाटतं अल्कलाइन जास्त दमदार. पण एकदम मोठा करंट मागितला की अल्कलाइनचा आतला रोध आडवा येतो, व्होल्टेज कोसळतं आणि फ्लॅश भरायला वेळ घेतो. १.२ वाले भार आला तरी टिकून राहतात. लिथियम बॅटरीचे फ्लॅश याहून चपळ, बजेट असेल तर तेच घ्या.

चार सेलच्या संचातला एक जरी म्हातारा असेल तरी तो बाकी तिघांना खाली ओढतो, आणि तो बाहेरून ओळखू येत नाही. एका रविवारी मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सोळा सेल उभे केले, बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येक चौकडीवर खूण केली (लाल, गुलाबी, मोती आणि एक भयंकर हिरवा) आणि चार्ज झाल्यावर एकेका चौकडीवर तोच फ्लॅश फुल पॉवरला वीस वेळा मारला, दर वेळी दिवा लागेपर्यंतचे सेकंद मोजत. मध्ये दम खाऊ द्यायचा, नाहीतर फ्लॅशचं डोकं तापतं. लाल, मोती, हिरवा शेवटपर्यंत चारच्या आत. गुलाबी दहाव्या वेळी सातवर. मग गुलाबीतला एकेक सेल बदलत गेलो, तेव्हा तिसरा निघाला चोर. तेव्हापासून चौकडी फुटू देत नाही आणि असिस्टंटला सक्त ताकीद आहे की सेल भिंतीवरच्या घड्याळाला उसने द्यायचे नाहीत.

एवढं करूनही एका रिसेप्शनला मंद सुरूच राहिला. पॉवर १/१६, सेल ताजे, आणि तरी कड फिकी. डान्सच्या मध्यंतरात मी कॅमेरा गळ्यात अडकवून पाणी पीत होतो. हात ग्लासला. आणि मागच्या स्टँडवरचा माझा फ्लॅश पेटला. परत पेटला. तीन वेळा. असिस्टंटकडे बघितलं, तो दहीवड्याच्या काउंटरपाशी होता.

फ्लोअरच्या पलीकडे वरपक्षाचा फोटोग्राफर नवरदेवाच्या मित्रांचे फोटो काढत होता. आपल्याकडे दोन्ही बाजूंचे वेगळे फोटोग्राफर असणं काही नवीन नाही. त्याचा आणि माझा ट्रिगर एकाच जातीचा, दोघांचाही चॅनल १, ग्रुप ए, कारखान्यातून आला तसाच. म्हणजे तो क्लिक करत होता आणि माझे सेल रिकामे होत होते. मी बटण दाबायचो तेव्हा माझा फ्लॅश नुकताच त्याच्यासाठी पेटून भरत असायचा. जाऊन सांगितलं तर तो हसायलाच लागला: “भिया, मैं भी सोच रिया था कि मेरे फोटो में पीछे से ये लाइट कहाँ से आ री है!” त्याच्या फ्रेममध्ये माझी कड येत होती, फुकटात.

तेव्हा चॅनल बदला. नुसता चॅनल नको, ट्रिगरला वेगळा आयडी टाकायची सोय असेल तर तोही टाका, कारण चॅनल मोजकेच असतात आणि ‘१ नको म्हणून २’ असंच सगळे करतात. तपास सोपा आहे: गार्डनमध्ये पोचलात की सगळे फ्लॅश चालू करून दोन मिनिटं कॅमेऱ्याला हात न लावता उभे राहा. आपोआप पेटला तर कोणीतरी तुमच्या चॅनलवर आहे. किंवा फ्लॅश चुकून ऑप्टिकल स्लेव्ह मोडवर राहिलाय. त्या मोडला रेडिओ नको, दुसऱ्या कोणाचाही फ्लॅश दिसला की तो पेटतो. लग्नाच्या गर्दीत तो मोड म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

मुका

कड अजिबात नसेल तर पहिला प्रश्न: एकच फ्लॅश गेला की सगळे? सगळे एकदम गेले तर मागे धावू नका, दोष कॅमेऱ्यावर आहे. सगळ्यात लाजिरवाणं कारण आधी सांगतो. मंगलाष्टकांच्या वेळी खटखट नको म्हणून मिररलेस कॅमेरा सायलेंटवर टाकला होता. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत त्या शटरला फ्लॅश पेटतच नाही. संध्याकाळी रिसेप्शनला मी दहा मिनिटं ट्रिगर काढ-घाल करत होतो, आणि वधूचे वडील शेजारी उभे राहून मोठ्या सहानुभूतीने बघत होते. आता अक्षता पडल्या की पहिलं काम, मेकॅनिकल शटर परत.

एकटा मागचाच मुका असेल तर रेडिओ. हे ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. त्याच पट्ट्यात गार्डनचं वायफाय, पाहुण्यांचे ब्लूटूथ, व्हिडिओवाल्याचे छोटे वायरलेस माइक आणि डीजेच्या लाइटचा वायरलेस कंट्रोलही असू शकतो. पण माझ्या अनुभवात यंत्रांपेक्षा माणसं जास्त आड येतात. शरीरातलं पाणी ही लहर पिऊन टाकतं. स्टेजच्या वेळी तुमच्या आणि फ्लॅशच्या मध्ये मोकळं लॉन होतं, डान्सच्या वेळी शंभर माणसं आहेत. म्हणून चाचणी रिकाम्या फ्लोअरवर पास होते आणि गर्दीत नापास. उपाय: फ्लॅश सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. नऊ फूट म्हणतो ते याच्यासाठीही. डीजेच्या लोखंडी ट्रसला चिकटवून लावू नका. आणि शक्यतो संध्याकाळी सातला न तपासता डान्स सुरू झाल्यावर पहिल्या गाण्यातच पाच फ्रेम खर्ची घालून तपासा.

उलटही होतं. काही ट्रिगर फ्लॅश फार जवळ, एखाद-दीड हातावर असला की पेटवत नाहीत. त्यांच्या मेनूत अंतराची सेटिंग असते, ०-३० मीटर आणि १-१०० मीटर अशी. असिस्टंट काठीला फ्लॅश बांधून तुमच्या शेजारी उभा असेल तर ०-३० ठेवा.

फ्लॅशची झोप विसरू नका. स्लेव्हवर, म्हणजे ट्रिगरच्या हाकेवर, असलेला फ्लॅश बराच वेळ हाक आली नाही की स्वतःला बंद करतो, अनेकांत ही वेळ ३० किंवा ६० मिनिटं. तुम्ही स्टेजवर पुढचाच फ्लॅश वापरत राहिलात, जेवायला गेलात, तोवर मागचा घोरतोय. मेनूतून झोप बंद करा. आणि शेवटच्या वीस मिनिटांत, धडाधड क्लिक झाल्यावर, डोकं तापून फ्लॅश स्वतःहून संथ होतो किंवा थांबतो. त्याला शांत होऊ देण्यावाचून उपाय नाही, म्हणून तिसरा फ्लॅश बॅगेत तयार असावा. कमी पॉवरवर काम करणाऱ्याला तो सहसा काढावा लागत नाही.

पट्टी आणि भूत

यात जास्त वेळ घालवायला नको. नाच आहे म्हणून शटर १/५०० ला नेलं की फ्रेमच्या लांब कडेला काळी पट्टी येते, कारण बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२०० ते १/२५० च्या आसपास असतो. त्यापुढे सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडाच नसतो, पडदा फ्लॅशच्या आड येतो. (२०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या ए९ थ्री कॅमेऱ्याला ग्लोबल शटर, म्हणजे सगळा सेन्सर एकदम उघडणारं शटर, आहे, त्याला हा त्रास नाही. आपण ज्या भावात लग्नं करतो त्यात तो येईपर्यंत मुलं कॉलेजात जातील.) हायस्पीड सिंक (फ्लॅश एका झटक्याऐवजी बारीक झटक्यांची माळ लावतो) लावाल तर पट्टी जाते, पण निदान दोन स्टॉप उजेड खातो आणि आपण परत मंदपाशी. एलईडी पडद्यावर किंवा डीजेच्या लाइटमध्ये एकामागोमाग अनेक पट्ट्या दिसत असतील तर ती लाइटची लुकलुक, तिथे शटर १/५० किंवा १/१०० करून बघा.

मुळात डान्स गोठवायला वेगवान शटर लागत नाही. फुल पॉवरला साध्या फ्लॅशचा झटका सेकंदाच्या तीनशेव्या भागाइतका असतो. १/१६ ला तो साधारण १/४००० वर येतो, किंवा त्याहून छोटा. माणूस फ्लॅशने गोठतो आणि शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर मागचे दिवे, डीजेचे रंग, झुंबरं ठरतात. मी १/३० ला खेळतो, कधी १/१५ ला, दिव्यांच्या रेषा हव्या असतील तेव्हा सिंक मागच्या पडद्यावर (शटर बंद होता होता फ्लॅश पेटतो) ठेवून, म्हणजे रेषा नाचणाऱ्याच्या मागे राहते, पुढे पळत नाही. भूत येतं ते डीजेचा पांढरा बीम किंवा व्हिडिओवाल्याचा एलईडी थेट चेहऱ्यावर पडला की. तो उजेड उघड्या शटरमध्ये दुसरा चेहरा काढून ठेवतो. तसं झालं की १/८० किंवा १/१०० वर या.

व्हिडिओवाल्याशी आधीच बोलून घ्या. त्याचा पॅनेल समोरून चालू असेपर्यंत तुमची मागची कड कितीही चांगली असली तरी फोटो सपाट. त्याचीही तक्रार खरी असते, तुमच्या फ्लॅशने त्याच्या व्हिडिओच्या फ्रेम अर्ध्या पांढऱ्या होतात. आम्ही गाणी वाटून घेतो: पहिलं त्याचं, दुसरं माझं, कपल डान्सला दोघेही सभ्य. धुराचं मशीन सुरू झालं की पुढचा फ्लॅश ट्रिगरवरून बंद करा. मागून उजेड आला तर धूर सोन्यासारखा दिसतो, पुढून आला तर पांढरी भिंत. आणि डीजेकडे लेझर असेल तर तो लेन्समध्ये थेट येणार नाही अशा जागी उभे राहा. त्याने सेन्सर कायमचा भाजतो, त्याला ना मेनूत सेटिंग आहे ना दुकानात औषध.

हे सगळं करूनही एक फ्लॅश हटवादीपणे मुका राहिला तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मागचा फ्लॅश पुढच्या स्टँडवर. दुखणं त्याच्याबरोबर आलं तर फ्लॅश, जागेवर राहिलं तर जागा. दोन्ही फ्लॅश मधूनच जातायत तर हॉटशूचे, म्हणजे कॅमेऱ्यावर ट्रिगर बसतो त्या खाचेचे, ठिपके बघा. मागच्या वर्षी रामबागेतल्या एका घरच्या लग्नात ट्रिगर थोडा हलवला की पेटायचा, सोडला की मुका. काढून मोबाइलच्या टॉर्चखाली धरला, तर मधल्या ठिपक्यावर पिवळा पापुद्रा. आदल्या दिवशीची हळद. पेन्सिलीचा खोडरबर मागायला नवरीच्या भाच्याला पाठवलं. त्याने कंपासमधून कोपरा तुटलेला एक आणून दिला. दोनदा घासला, ट्रिगर बसवला, पेटला. खोडरबर परत केला तेव्हा त्याची एक बाजू पिवळीधमक झाली होती.